सात वाट्या

पुण्यातला मावसभाऊ म्हणाला, याला फोकस ग्रुप म्हणतात.
आम्ही साबणाच्या वेष्टनासाठी घेतो :
अनोळखी माणसं, थंड खोली, निघताना प्रत्येकाला एक पाकीट.
उदगिरात अनोळखी माणूस आणायचा कुठून?
आणि ओळखीचा माणूस छान म्हणतो.
या छाननं माझ्या तीन एकांकिका मारल्या,
तिन्ही प्राथमिक फेरीत.

म्हणून रविवारी टायपिंग इन्स्टिट्यूटची वरची खोली झाडून घेतली.
यंत्रांवर रेक्झिनची झाकणं तशीच,
सात खुर्च्या भिंतीकडं तोंड करून,
ज्याच्या त्याच्या मांडीवर स्टीलची वाटी
आणि मुठीत करडईचं बी.
सांगितलं, मी वाचतो.
जिथं कंटाळा येईल तिथं एक बी वाटीत टाका.
तोंडानं काही बोलायचं नाही.

म्हेत्रे अप्पा हसले, "ही कोणती परीक्षा गा, मास्तर?"
इलियास टेलर म्हणाले, "बोलने का नहीं? फिर मेरेकू बुलाए कायकू?"
संघमित्रानं मोबाइल बंद केला, खरोखरचा बंद.
कंपाउंडर बिरादार, पोस्टातल्या हंगरगे बाई, माझा मेहुणा.
सातवे देवणीकर आलेच नाहीत.
प्रयागबाई रांजण भरून निघाली होती,
तिला म्हटलं, बस जरा.

पहिली दोन पानं शांत गेली.
तिसऱ्यावर टिण्.
कोण ते दिसत नव्हतं, पाठी सगळ्या सारख्याच.
चौथ्यावर दोनदा, लागोपाठ.
मी तिथं पेन्सिलीनं खूण केली, हात थरथरला,
वाक्य मात्र नीट वाचलं.

सहाव्या पानावर मुलाचं भाषण आहे.
बाप गेल्यावर रिकाम्या कॉटशी उभा राहून तो बोलतो, दीड पान.
लिहिताना मी रडलो होतो,
रिबनची शाई बोटाला, बोट डोळ्याला.
तिथं खळ्यावर करडई झोडपावी तसा आवाज.
मी आवाज चढवला, बीही चढलं.
इतकं खरं या गावात मला कुणी ऐकवलं नव्हतं,
आणि ते बंद व्हावं एवढंच मला वाटत होतं.

मोजलं.
अप्पा अकरा. टेलर चौदा. हंगरगे बाई नऊ,
संघमित्रा एकोणीस, आणि तिनं ते उभं राहून सांगितलं.
बिरादार सहा.
मेहुण्याचं एकच, तेही माझ्या खोकल्यानंतर.
प्रयागबाईची वाटी रिकामी.

तिनं मूठ उघडली. घामानं ओलं बी तळव्याला चिकटलेलं.
"टाकायचं व्हतं व्हय? मी इसरलेच."
मेहुणा म्हणाला, "बघा, हिला आवडलं."
"तसं न्हाई," ती म्हणाली,
"ती माय दवाखान्यातल्या दिसाची पानं फाडती न्हवं,
क्यालेंडरची, बाराच्या बारा, एकदम,
तितं मी थांबले.
म्होरं तुमी काय वाचलालाव, मला ठाव न्हाई."

पाचव्या पानावरची ती एक ओळ.
आईला स्वयंपाकघरात पाठवायला
काहीतरी हवं होतं म्हणून लिहिलेली.

मग चहा झाला.
जिना उतरताना सगळे वळून म्हणाले, छान झालं, मास्तर.
संघमित्रा नाही म्हणाली. तिनं विचारलं,
"पुढच्या रविवारी?"

सहावं पान अजून खणात आहे.
काढलेलं आहे, फाडलेलं नाही.

सोमवारी प्रयागबाईनं केर काढला.
सातव्या यंत्राखालून, झाकणांच्या घडीतून
सांडलेलं बी वेचलं, ओंजळभर झालं असेल नसेल,
आणि खिडकीच्या कठड्यावर पसरलं.
कबुतरं आली.
कोणतं बी कोणत्या पानाचं, त्यांनी विचारलं नाही,
सगळं खाऊन टाकलं,
आणि कठड्यावर आपलं म्हणणं ठेवून गेली.